आटलेली गॅसविहीर पुन्हा चालू होते ती कशी, आणि बेळगावला त्याचं काय?

२०२४ च्या ऑक्टोबर आणि नोव्हेंबरमध्ये केंद्र सरकारने शहरांना सीएनजी आणि घरगुती पाइप गॅस पुरवणाऱ्या कंपन्यांचा स्वस्त देशी गॅसचा वाटा लागोपाठ दोनदा कापला. त्यानंतर अनेक शहरांत सीएनजी महागला. हा स्वस्त गॅस ज्या जुन्या क्षेत्रांतून निघतो तिथलं उत्पादन घटत चाललं आहे, हे त्यामागचं कारण होतं. तेव्हापासून जुन्या विहिरी पुन्हा चालू करण्याच्या, नव्या विहिरींना जादा दर देण्याच्या बातम्या अधूनमधून येत असतात. २०२५ मध्ये तर तेलक्षेत्रांचा १९४८ चा कायदाच दुरुस्त झाला.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडीकडच्या वाचकाला यातून दोन प्रश्न पडतात. एकदा आटलेली विहीर पुन्हा चालू होते म्हणजे नक्की काय होतं? आणि आपल्या भागात एकही गॅसविहीर नसताना या सगळ्याशी आपला संबंध काय? पहिला प्रश्न नीट उलगडला की दुसरा सोपा जातो, म्हणून त्याच क्रमाने जाऊ.

सिलिंडरचा गॅस वेगळा, पाइपचा वेगळा

घरी लाल सिलिंडरमधून येतो तो एलपीजी. त्यात प्रोपेन आणि ब्युटेन हे वायू दाबाखाली द्रव करून भरलेले असतात. पाइपने घरात येणारा किंवा रिक्षात भरला जाणारा सीएनजी हा नैसर्गिक वायू. त्यात मुख्यतः मिथेन असतो. एलपीजी हवेपेक्षा जड, म्हणून गळाला तर जमिनीलगत साचतो. मिथेन हलका, तो वर जातो. या लेखात यापुढे 'गॅस' म्हटलं की नैसर्गिक वायूच समजायचा.

जमिनीखाली गॅस साठतो कसा

जमिनीत मोठी पोकळी आहे आणि त्यात गॅस कोंडलेला आहे, असं चित्र बहुतेकांच्या मनात असतं. तसं नसतं. आपल्याकडे बोअर मारली की पाणी खडकाच्या भेगांतून आणि छिद्रांतून येतं, तसाच गॅसही वाळूच्या खडकातल्या बारीक छिद्रांत मुरलेला असतो. त्याच्या वर घट्ट खडकाचा एक थर लागतो. तो थर नसला तर लाखो वर्षांत सगळा गॅस वर येऊन हवेत मिसळून गेला असता.

बोअरशी असलेलं साम्य पुढेही उपयोगी पडेल, पण दोन फरक आधीच लक्षात घेऊ. एक खोलीचा. आपली बोअर पाच-सहाशे फुटांवर गेली की मालकाच्या पोटात गोळा येतो. गॅसविहिरी अनेकदा दीड-दोन किलोमीटर, कधी तीन-चार किलोमीटरही जातात. दुसरा फरक जास्त महत्त्वाचा. बोअरला पाऊस पुन्हा भरतो. गॅसच्या थराला कुणी भरत नाही. जे काढलं ते कायमचं गेलं.

इतक्या खोलीवर दाबही तसाच असतो. पाण्याच्या दर दहा मीटर उंचीमागे साधारण एक वातावरण इतका दाब वाढतो. (एक वातावरण म्हणजे आपल्या अंगावर हवेचा रोज असतो तेवढा दाब.) म्हणजे दोन हजार मीटरवर सुमारे २०० वातावरणं. त्यामुळे नव्या विहिरीत पंप लागत नाही. तोंड उघडलं की गॅस आपल्या जोरावर वर येतो.

विहीर बंद पडते तेव्हा आत काय घडतं

गॅस निघत जातो तसा खडकातला दाब उतरतो. पण विहीर बंद पडते ती बहुतेक वेळा गॅस संपल्यामुळे नव्हे, हे या विषयातलं कळीचं वाक्य आहे.

गॅसबरोबर थोडं पाणीही वर येत असतं. प्रवाहाला जोर असतो तोवर गॅस त्या पाण्याचे थेंब आपल्याबरोबर उडवून बाहेर नेतो. जोर ओसरला की थेंब वरपर्यंत पोचत नाहीत, नळीतच घसरून तळाशी साचतात. समजा थरात अजून ५० वातावरणांचा दाब शिल्लक आहे आणि नळीत ५०० मीटर उंच पाणी साचलं. त्या पाण्याचं वजनच ५० वातावरणं दाब देतं. दोन्ही बाजू बरोबरीत आल्या, प्रवाह थांबला. खाली गॅस आहे, वर गिऱ्हाईक आहे, आणि मध्ये पाणी अडून बसलं आहे.

हे एक कारण. शिवाय वाळू येऊन नळी तुंबते, क्षार धरतात, केसिंग (विहिरीच्या भिंतीला आधार देणारी पोलादी नळी) गंजून भोकं पडतात, थराच्या तोंडाशी गाळ बसतो. आपल्या भागातल्या शेतकऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. बोअरचं फ्लशिंग का करावं लागतं हे त्याला माहीत आहे.

पुन्हा चालू करण्याचे उपाय

पाणी साचलं असेल तर सर्वात स्वस्त उपाय ऐकून नवल वाटेल: विहिरीत साबणाच्या कांड्या सोडतात. पाण्याचा फेस होतो, फेस हलका असतो, उरलेल्या दाबानेही तो वर ढकलला जातो. दुसरा उपाय म्हणजे आहे त्या नळीत आणखी बारीक नळी घालायची. तेवढाच गॅस अरुंद वाटेने जायला लागला की त्याचा वेग वाढतो आणि तो पाणी पुन्हा वर नेऊ लागतो. तिसरा, विहिरीच्या तोंडाशी कॉम्प्रेसर बसवून वरून ओढ द्यायची. थराच्या तोंडाशी गाळ किंवा क्षार असतील तर आम्ल सोडून ते विरघळवतात.

याहून मोठं काम म्हणजे थर बदलणं. एकाच विहिरीच्या वाटेत वाळूचे अनेक थर लागतात. खोदताना त्यातल्या एकातूनच, बहुधा सर्वात खालच्यातून, गॅस घ्यायला सुरुवात केलेली असते आणि वरचे थर केसिंगच्या मागे तसेच राहिलेले असतात. खालचा संपला की तो सिमेंटने बुजवतात आणि वरच्या थरासमोर केसिंगला स्फोटकांनी छिद्रं पाडतात. नवी विहीर न खोदता नवा थर हाती येतो. अशा दुरुस्तीच्या कामांना 'वर्कओव्हर' म्हणतात आणि त्यासाठी विहिरीवर पुन्हा रिग, म्हणजे खोदाईचा मनोरा, उभी करावी लागते. याशिवाय जुन्याच विहिरीतून मध्येच तिरकी वाट फोडून न पोचलेल्या भागात शिरता येतं.

यातलं काहीही नव्या विहिरीपेक्षा स्वस्त पडतं. रस्ता आहे, केसिंग आहे, पाइपलाइन जवळ आहे, खाली काय आहे त्याच्या नोंदी आहेत. म्हणूनच मला या कामाला विरोध करण्यासारखं तत्त्वतः काही दिसत नाही. खोदून ठेवलेलं, खर्च करून ठेवलेलं पूर्ण वापरावं, हे आपल्या मातीतलं शहाणपण आहे. अपेक्षा मात्र मापात ठेवायला हव्यात.

मग देश गॅसने भरून जाईल?

नाही. एक साधा हिशोब करू. समजा एक जुनी विहीर दुरुस्त केली आणि ती दिवसाला २०,००० घनमीटर गॅस देऊ लागली. एका घराच्या स्वयंपाकाला दिवसाला साधारण अर्धा घनमीटर लागतो. म्हणजे चाळीस हजार चुली पेटल्या. बेळगावसारख्या शहराच्या दृष्टीने हे थोडं नव्हे. पण सगळ्या देशाला दिवसाला १८ कोटी घनमीटरच्या आसपास गॅस लागतो. खतकारखाने, वीज, सिरॅमिक, वाहनं, सगळं धरून. त्या मापाने ही विहीर नऊ हजारांत एक.

आणि त्याच वेळी इतर विहिरींतला दाब उतरतच असतो. भारताच्या जमिनीवर गॅस निघतो तो मुख्यतः आसाम, त्रिपुरा, राजस्थान, गुजरात, आंध्र प्रदेश आणि तमिळनाडूत, शिवाय बंगाल, झारखंड, मध्य प्रदेशातल्या कोळशाच्या थरांतून. देशी गॅसचा मोठा वाटा मात्र समुद्रातला आहे. मुंबईजवळच्या समुद्रात तेल सापडलं १९७४ मध्ये. तिकडची क्षेत्रं आता म्हातारी झाली आहेत. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या खोल समुद्रातल्या डी-६ क्षेत्राचं उत्पादन २००९ मध्ये सुरू झालं, वर्षभरात कळसाला पोचलं आणि मग झपाट्याने कोसळलं. नंतर नव्या विहिरी खोदून ते पुन्हा वर आणावं लागलं.

म्हणून जुन्या विहिरींचं पुनरुज्जीवन ही घसरण थोपवण्याची धडपड आहे. दहा विहिरी दुरुस्त केल्या आणि एकूण उत्पादन जागच्या जागी राहिलं, तर काम फसलं असं होत नाही. ते केलं नसतं तर आकडा खाली गेला असता. 'इतक्या विहिरी चालू केल्या, मग गॅस स्वस्त का होत नाही?' या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. देशाला लागणाऱ्या गॅसपैकी जवळपास निम्मा आजही बाहेरून येतो.

इतकं सोपं होतं तर आधी का केलं नाही?

पैसा. जुन्या क्षेत्रांतल्या गॅसचा दर सरकार ठरवतं. एप्रिल २०२३ पासून तो भारत घेत असलेल्या कच्च्या तेलाच्या दराच्या १० टक्के धरला जातो, पण त्याला वरची मर्यादा आहे: सुरुवातीला ६.५ डॉलर, २०२५-२६ साठी ६.७५ डॉलर. हा दर उष्णतेच्या एका ठरलेल्या एककाला असतो. त्या एककात ढोबळमानाने २५ ते २८ घनमीटर गॅस बसतो. म्हातारी विहीर थोडाच गॅस देणार, तोही या दराने, आणि रिग लावायचा खर्च मोठा. कंपनीने हात आखडता घेतला तर नवल नव्हतं.

म्हणून त्याच निर्णयात एक कलम घातलं गेलं. ओएनजीसी आणि ऑइल इंडिया या सरकारी तेल कंपन्यांच्या जुन्या क्षेत्रांत नवी विहीर खोदून किंवा जुनी दुरुस्त करून जो गॅस मिळेल त्याला २० टक्के जास्त दर. त्याआधी २०१५ मध्ये या दोन कंपन्यांकडे नुसती पडून असलेली ६९ छोटी क्षेत्रं इतरांना लिलावाने देण्याचं ठरलं होतं. मोठ्या कंपनीला न परवडणारी विहीर छोट्या कंपनीला परवडू शकते, हा त्यामागचा विचार.

जास्त दर शेवटी गिऱ्हाइकाच्याच बिलात उतरणार, हा आक्षेप खरा आहे. पण तुलना कशाशी करायची ते बघायला हवं. २०२२ मध्ये युक्रेन युद्धानंतर आशियाच्या बाजारात आयात गॅस त्याच एककाला ४० डॉलरच्याही पुढे गेला होता. त्याच वर्षी एका रशियन कंपनीच्या पूर्वीच्या उपकंपनीने 'गेल' या सरकारी गॅस कंपनीला करारातला गॅस देणं थांबवलं. सहा डॉलरच्या गॅसची जागा सात-आठ डॉलरच्या देशी गॅसने घेतली तर बिल थोडं वाढतं. तीच जागा आयात गॅसने घेतली तर बिल कुठे जाईल ते आपल्या हातात राहत नाही.

बेळगावच्या चुलीत कुठला गॅस जळतो?

रत्नागिरी जिल्ह्यातल्या दाभोळहून निघालेली गेलची वाहिनी कोल्हापूर जिल्ह्यातून बेळगाव, धारवाडमार्गे बेंगळुरूला जाते. साधारण हजार किलोमीटरची ही वाहिनी २०१३ मध्ये सुरू झाली. बेळगावचा सीएनजी आणि पाइप गॅस तिच्यातून येतो. दाभोळला जहाजाने परदेशी गॅस उतरतो. उणे १६२ अंशांपर्यंत थंड केला की गॅसचा द्रव होतो आणि तो सुमारे सहाशेपट कमी जागेत मावतो, म्हणून जहाजाने आणणं जमतं. पण दाभोळ पनवेल, उरण आणि गुजरातेतल्या दहेजच्या वाहिन्यांनाही जोडलेलं आहे. तिकडून समुद्रातला देशी गॅसही येतो. पाइपमध्ये सगळा एक होतो.

तेव्हा आसामातल्या दुरुस्त झालेल्या विहिरीचा गॅस बेळगावातल्या अनगोळच्या शेगडीपर्यंत प्रत्यक्ष येणार नाही, पण हिशोबात येऊ शकतो. देशी गॅस कुणाला किती मिळणार हे कागदावर वाटून दिलं जातं, आणि त्यात घरगुती पाइप गॅस व सीएनजी यांना आधी मान आहे. देशात एकूण देशी गॅस वाढला तर बेळगावच्या वाट्यातलं महाग आयात गॅसचं प्रमाण घटतं. संबंध एवढाच आहे, आणि तो दूरचा असला तरी बिलावर दिसतो.

बिलावर आणखी एक गोष्ट दिसते. नैसर्गिक वायू अजून जीएसटीत नाही, त्यावर राज्याचा व्हॅट लागतो. महाराष्ट्राने एप्रिल २०२२ पासून तो १३.५ वरून ३ टक्क्यांवर आणला. निपाणीत आणि शेजारच्या कागलला दर वेगळा दिसला तर सगळा दोष विहिरींना देऊ नये.

आपल्या जमिनीखाली काही आहे का?

हा प्रश्न आपल्याकडे विचारला जातोच, आणि त्याचं उत्तर भूगोलाच्या पुस्तकापेक्षा सुरस आहे.

जिल्ह्याच्या पश्चिमेला आणि उत्तरेला काळा पाषाण आहे, दख्खनचा बेसाल्ट. तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होऊन झाला. लाव्हात गॅस तयार होत नाही. गॅस तयार व्हायला गाळाचा खडक लागतो, ज्यात जुन्या सजीवांचे अवशेष गाडले जाऊन लाखो वर्षं मंद उष्णतेत शिजले. खानापूरकडे जावं तर तिथे त्याहून प्राचीन, तापून-दबून रूप पालटलेले खडक. तिथेही आशा नाही.

गोकाककडे मात्र चित्र बदलतं. घटप्रभा ज्या कड्यावरून १७० फूट खाली उडी घेते तो कडा वालुकाश्मापासून बनलेल्या कठीण क्वार्टझाइटचा आहे. हा कलादगी खोऱ्याचा खडक. बागलकोटकडे याच खोऱ्यात चुनखडी लागते, ज्यावर तिथले सिमेंट कारखाने चालतात. म्हणजे गाळाचे खडक आपल्याकडे आहेत. देशाच्या २६ गाळखोऱ्यांच्या सरकारी यादीत 'भीमा-कलादगी' हे नाव आहे. पण ते तिसऱ्या वर्गात येतं. पहिल्या वर्गात उत्पादन सुरू असलेली खोरी, दुसऱ्यात साठा सापडलेली, तिसऱ्यात नुसती शक्यता धरलेली.

अडचण वयाची आहे. हे खडक शंभर कोटी वर्षांहून जुने. तेव्हा पृथ्वीवर झाडं नव्हती, प्राणी नव्हते. होते ते सूक्ष्म जीव आणि शेवाळ. गॅसला कच्चा माल तेवढाच. तरी भूवैज्ञानिकांनी नाव खोडून टाकलेलं नाही, कारण तितक्याच प्राचीन विंध्य खोऱ्यात, मध्य प्रदेशातल्या दमोह जिल्ह्यात हट्टाजवळ, ओएनजीसीला गॅस मिळाला आहे. उद्या कुणी 'तुमच्या शिवारात गॅस आहे, जमीन आत्ताच देऊन टाका' म्हणत आलं तर मात्र त्याच्यावर विश्वास ठेवू नका. जमिनीखालचं तेल आणि गॅस शेतमालकाचे नसतात. ते काढायला सरकारी परवाना लागतो, आणि जमिनीवर निघालेल्या गॅसची रॉयल्टी राज्याला जाते.

आपल्या भागाचा खरा गॅस माझ्या मते उसात आहे. साखर कारखान्यात रस गाळल्यावर उरणारी मळी, म्हणजे प्रेसमड, कुजवली की मिथेन मिळतो. तो शुद्ध करून दाबला की सीएनजीच्या जागी चालतो. शहर गॅस कंपन्यांनी असा जैविक गॅस मिसळलाच पाहिजे, असं २०२५-२६ पासून बंधन आलं आहे: पहिल्या वर्षी १ टक्का, २०२८-२९ पर्यंत ५ टक्के. इतके साखर कारखाने असलेल्या जिल्ह्याने या आकड्यांकडे लक्ष द्यायला हवं. कुजवून उरलेलं खत शेतात परत जातं, हा वरचा लाभ.

विहिरीशेजारी राहणाऱ्यांचं काय?

आपल्या चुलीचा हिशोब मांडताना विहिरीजवळच्या गावांना विसरून चालणार नाही. २७ मे २०२० रोजी आसामच्या तिनसुकिया जिल्ह्यात बागजान येथे ऑइल इंडियाच्या विहिरीवरचा ताबा सुटला. ही विहीर चालू होती आणि तिच्यावर वर्कओव्हरचं, दुसऱ्या थरातून गॅस घेण्याचं काम चाललं होतं. ९ जूनला आग लागली. दोन अग्निशामक कर्मचारी मेले, हजारो माणसं छावण्यांत गेली, शेजारच्या मागुरी-मोटापुंग पाणथळीची मोठी हानी झाली. विहीर पूर्ण बंद व्हायला १५ नोव्हेंबर उजाडला. जून २०२५ मध्ये शिवसागर जिल्ह्यातल्या रुद्रसागर क्षेत्रातही जुन्या विहिरीवर काम चालू असतानाच गॅस उसळला आणि तो आवरायला दोन आठवडे लागले.

जुनी विहीर उघडणं स्वस्त आहे, सोपं नाही. केसिंग किती गंजलंय, सिमेंट कुठे सुटलंय हे तपासल्याशिवाय दाबाखालचा नवा थर उघडणं म्हणजे संकटाला आमंत्रण. वाचलेला पैसा या तपासणीतून वाचवलेला असेल तर ती काटकसर शेजारच्या गावाच्या जिवावर केलेली असते. सिमेंट कच्चं असेल तर खालचा गॅस आणि खारं पाणी गावाच्या पिण्याच्या पाण्यातही शिरू शकतं.

जमीन खचण्याची भीतीही निराधार नाही. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनच्या प्रचंड क्षेत्रातून १९६३ पासून गॅस काढला गेला. थरातला दाब उतरला तशी जमीन हलू लागली, २०१२ मध्ये ३.६ तीव्रतेचा भूकंप झाला, हजारो घरांना तडे गेले. अखेर २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये उत्पादन थांबवावं लागलं. छोट्या क्षेत्रात हा धोका कमी असतो, पण मोजमाप ठेवावंच लागतं. आणि जी विहीर दुरुस्त होणार नाही ती नीट बुजवली पाहिजे. मिथेन वीस वर्षांच्या काळात कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपटीहून अधिक उष्णता धरतो. अमेरिकेला बेवारस विहिरी बुजवण्यासाठी २०२१ च्या कायद्यात ४.७ अब्ज डॉलर बाजूला काढावे लागले.

शेतातून वाहिनी गेली तर

आपल्याकडे गॅसचा थेट संबंध येतो तो इथे. गॅसवाहिनीसाठी जमीन घेतात ती १९६२ च्या कायद्याने, आणि त्यात जमिनीची मालकी शेतकऱ्याकडेच राहते. कंपनीला मिळतो तो फक्त वापराचा हक्क. पाइप पुरल्यावर त्या पट्ट्यात पीक घेता येतं, पण घर बांधता येत नाही, विहीर किंवा तळं खोदता येत नाही, झाडं लावता येत नाहीत. मोबदला जमिनीच्या बाजारभावाच्या १० टक्के, आणि पिकाचं व इतर नुकसान झालं तर त्याची भरपाई वेगळी. आंबा-काजूची बाग किंवा पुढेमागे घर बांधायचा विचार असलेल्या माणसाला हे १० टक्के फार थोडे वाटतात, आणि त्याचं वाटणं रास्त आहे.

अधिसूचना निघाल्यापासून २१ दिवसांत सक्षम अधिकाऱ्याकडे लेखी हरकत देता येते. नोटीस कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत असली म्हणून ती बाजूला ठेवू नका. त्याच आठवड्यात जाणकाराकडून वाचून घ्या. हरकतीत सर्व्हे नंबर, उतारा, पट्ट्यातली झाडं, बोअर, ठिबकची लाइन आणि बांध यांची नोंद करा, शेताचे फोटो जोडा, आणि वाहिनी बांधाच्या कडेने नेता येईल का हे स्पष्ट विचारा. अर्जाच्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नका.